मेणबाईची इद्दत

मेणबाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. आमची लॅब म्हणजे दातांच्या दवाखान्यामागची एक लांबट खोली. पुढे डॉक्टर दात काढायचे आणि मागे आम्ही ते करायचो. मी दातांवरच्या कॅप करायचे, ती कवळ्या. हिरड्यांचा ठसा आला की ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढायची, साच्यावर गुलाबी मेणाची पट्टी चढवायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून त्या मेणात एकेक दात उभा करायची. वर चौदा, खाली चौदा. बोटांना सदान्‌कदा मेण. डॉक्टरांनी एकदा गमतीने मेणबाई म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की हजेरीच्या वहीतही एकदा तेच लिहिलं गेलं.

सहा वर्षं मी तिच्या शेजारी बसले. आम्ही बरोबरीच्या, अगंतुगं करणाऱ्या. तरी तिच्या आयुष्यात एवढं मोठं काही घडत होतं तेव्हा माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे. पुढे लिहिते आहे त्यातलं बहुतेक तिनेच मला नंतर सांगितलं, डब्याच्या सुट्टीत, तुकड्यातुकड्यांनी.

तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. बाविसाव्या वर्षी लग्न झालं, तिसाव्या वर्षी तलाक. मूल होईना हे कारण. नवऱ्याने दुसरी बायको केली, तिलाही काही झालं नाही. "डॉक्टरकडे एकट्या मलाच नेत होते ना," एवढंच ती म्हणायची, आणि हसायची. तलाकनंतर ती मोठ्या भावाकडे आली. भाऊ बसगाड्यांच्या सीटा शिवायचा. गच्चीवरची पत्र्याची खोली तिला मिळाली, आणि सतरा वर्षं ती तिथेच. भावजय स्वभावाने वाईट नव्हती. घालूनपाडून बोलणं नाही, ताटात दुजाभाव नाही. पण त्या घरातल्या भिंतीवर जितके फोटो होते त्यांतल्या एकातही मेणबाई नव्हती. फोटो काढायचा म्हटलं की सगळे ओळीने उभे राहायचे आणि कॅमेरा हिच्या हातात द्यायचे. भाची मोठी होऊन सासरी गेली, तिच्या लग्नाचेही निम्मे फोटो हिनेच काढले.

मापवाले साहेब पहिल्यांदा आले ते भांडायला. वजन-मापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानदारांचे तराजू, पंपांवरची मापं बरोबर आहेत की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिली असताना त्यांची आमच्या गावात बदली झाली होती. कवळी आमच्याकडे केली, आणि बोलताना शिट्टी वाजायला लागली.

"मी दुकानात जाऊन म्हणतो, सरकारी तपासणी आहे, आणि समोरचे हसतात," ते डॉक्टरांना सांगत होते. "माझ्या नोकरीत हसं होऊन चालत नाही हो."

दोनदा घासून झालं तरी शिट्टी जाईना. तेव्हा डॉक्टरांनी वैतागून त्यांना सरळ मागे पाठवून दिलं. मेणबाईने त्यांना स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "सहासष्टपासून म्हणा."

"काय?"

"आकडे. सहासष्ट, सदुसष्ट. 'स' कुठे निसटतो ते मला ऐकायचंय."

मग उंचापुरा, चष्मेवाला, शिक्केवाला माणूस शाळेतल्या पोरासारखा आकडे म्हणत बसला. मी तोंडाला रुमाल लावून हसत होते. मेणबाई मात्र डोळे मिटून ऐकत होती. चार दिवसांत तिने पुढचे दोन दात काढून केसभर मागे बसवले. शिट्टी गेली.

जाताना त्यांची नजर तिच्या टेबलावरच्या फळीकडे गेली. तिथे मातीची एक छोटी गोल चकती असायची. दुपारी ती मागच्या कोपऱ्यात नमाज पढायची तेव्हा कपाळ त्या चकतीवर टेकवायची. मला वाटायचं, लॅबमधलाच कसला नमुना असेल. मापवाल्यांनी ती ओळखली. ज्या पंथात अशी चकती वापरतात, त्या तिच्याच पंथाचे ते होते. कोणाकोणाची ओळखदेख निघते का ते बघितलं, निघाली नाही, आणि ते गेले. पण पुढल्या महिन्यात कवळी दाखवायला म्हणून आले, त्याच्या पुढल्या महिन्यात पुन्हा. कवळीला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं. त्या दिवशी मी रजेवर होते.

"मला तुम्हाला एक विचारायचंय," ते म्हणाले. "नाही म्हणालात तर ही कवळी घेऊन जाईन, परत तोंड दाखवणार नाही. तोंड दाखवायला दुसरा डॉक्टर शोधीन."

ती हसली. मग त्यांनी सांगितलं आणि तिचं हसू थांबलं. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली होती. गावाकडच्या घरात दोन मुलगे, दोन सुना. बायको गेल्यावर वर्षभराने त्यांनी दुसऱ्या लग्नाचा विषय नुसता काढून बघितला, तर थोरला म्हणाला, "आणा की, पण आधी घराच्या वाटण्या करा." त्यानंतर ते गप्प बसले. आता इथे दोन वर्षं काढायची होती. त्यांनी तिच्याशी मुदतीचा निकाह करायची परवानगी मागितली. दोन वर्षांचा.

त्या लग्नाला मुताह म्हणतात. मला हा शब्दच माहीत नव्हता. तिने समजावलं ते असं. सगळे मुसलमान हे लग्न मानत नाहीत, बहुतेक तर हराम समजतात. तिच्या पंथात मात्र ते धर्माला धरून आहे. मुदत किती आणि मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम किंवा वस्तू, काय, हे आधी ठरलंच पाहिजे. साक्षीदार असलेच पाहिजेत असं नाही. मुदत भरली की तलाक न देता लग्न आपोआप संपतं. नवरा मेला तर बायकोला वारसा नाही, तसं ठरवून लिहून घेतलं असेल तरच मिळतो. "म्हणजे कागदावर सगळं चोख," ती म्हणाली. "पण आमच्या घरात हा शब्द आला की बायका दार लोटून घ्यायच्या. अम्मी एका बाईबद्दल बोलायची ना, तर आवाज खाली नेऊन. ती बाई कशी आहे ते त्या आवाजावरूनच आम्हाला कळायचं."

तिने पंधरा दिवस मागून घेतले. त्या पंधरा दिवसांत तिने धर्माचं शिक्षण घेतलेल्या एका बाईंना फोन केला. नाव सांगितलं नाही. "माझी एक मैत्रीण आहे," म्हणून सुरुवात केली.

बाईंनी सगळे प्रश्न ऐकून घेतले, एकेकाचं उत्तर दिलं आणि शेवटी म्हणाल्या, "मैत्रिणीला सांगा, कागद करून ठेव. आणि हेही सांगा, की परवानगी आहे म्हणून ते सोपं आहे असं समजू नकोस."

ती हो म्हणाली. का म्हणालीस, असं मी तिला विचारलं होतं. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "सतरा वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं गं. भाऊ स्थळं आणायचा, त्या सगळ्यांना पोरांना आई हवी होती नाहीतर आईला नर्स. मी हवी, असं कोणी म्हटलं नव्हतं."

निकाह त्यांच्या खोलीवर झाला, एका शनिवारी दुपारी. दोघंच होते. अरबी शब्द त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते. आधी तिने म्हणायचं, मी स्वतःला एवढ्या मुदतीसाठी, एवढ्या मेहरवर तुमच्या निकाहात दिलं. मग त्यांनी म्हणायचं, कबूल. ती अर्ध्यावर अडखळली, ते सांगायला गेले आणि अडखळले, आणि दोघांना असं हसू फुटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मग मुदतीचा आणि मेहरचा कागद करून दोघांनी सह्या केल्या. मेहर म्हणून तिने रेडिओ मागितला होता. गच्चीवरच्या खोलीत दुसरा आवाज हवा म्हणून. घरी तिने सांगितलं, लॅबमधल्या मैत्रिणीने जुना दिला. मैत्रीण म्हणजे मी. मला पत्ताच नाही.

शनिवारी दुपारपासून आणि बुधवारी काम सुटल्यावर, असे दोन दिवस ठरले होते. घरी सांगायचं, ओव्हरटाइम. त्यांची खोली एका छापखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होती. खाली मशीन सुरू झालं की जमीन थरथरायची आणि टेबलावरचा पेला हळूहळू काठाकडे सरकायचा. तो सरकवून मागे ठेवायचं काम तिचं. लोखंडी खाट, दोन खुर्च्या, एक शेगडी, आणि मखमलीच्या पेटीत बसवलेली पितळी वजनं. त्यांनी तिला तळहातावर वजन ओळखायला शिकवलं. डोळे मिटायला लावायचे, हातावर काहीतरी ठेवायचे, विचारायचे, किती? ती तयार झाली. एकदा बाजारात तिने भाजीवाल्याला म्हटलं, पन्नास ग्रॅम कमी आहे. त्याने पुन्हा तोललं, तर खरंच कमी.

"सुखात होतीस?" मी विचारलं.

"दोन दिवस होते," ती म्हणाली. "बाकीचे पाच त्या दोन दिवसांच्या मागचेपुढचे."

पण दोघं रस्त्यावर बरोबर कधी चालले नाहीत. आधी ती खाली उतरायची, मग दहा मिनिटांनी ते. एकदा त्यांना बागेत जावंसं वाटलं. गेले, आणि दोन वेगळ्या बाकांवर बसले, मध्ये कोणाची तरी लेकरं खेळत होती. अर्ध्या तासाने ती उठून निघून आली. "परगावी ओळखीचं माणूस दिसावं आणि बोलता येऊ नये, तसं झालं," ती म्हणाली.

एकदा मात्र भांडण झालं. छापखान्याच्या मालकिणीने जिन्यात तिला थांबवून विचारलं, "तुम्ही साहेबांच्या बहीण ना? भावाची किती काळजी घेता हो." मेणबाई कशीबशी मान हलवून वर आली.

"तुम्ही बहीण म्हणून सांगितलंत?"

"मग काय सांगू?" ते म्हणाले. "विचारलं त्यांनी. मी गडबडलो."

"एका भावाची बहीण होऊन मी सतरा वर्षं काढलीत," ती म्हणाली. "दुसरा भाऊ नकोय मला."

ती चालती झाली. पुढच्या शनिवारी गेली नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी मापवाले साहेब लॅबमध्ये हजर. मला आठवतं, त्या दिवशी ते फार वेळ स्टुलावर बसून राहिले आणि कवळीबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, म्हातारा चक्रम आहे. निघताना ते हळूच तिला म्हणाले, "निवृत्त झालो की मुलांना समोर बसवून सांगतो. मग कायमचा करू. तोवर सांभाळून घ्या." याला तिने वचन मानलं नाही. पण शनिवारी ती गेली. त्याच सुमाराला त्यांनी दुसरी कवळी करायला टाकली. एक फुटली तर हाताशी दुसरी असावी म्हणून. डॉक्टरांकडे रीतसर नोंदवून.

तेरावा महिना लागला. ते आठ दिवसांची रजा काढून गावाकडे गेले. शनिवारी ती खोलीवर गेली तर कुलूप. वाटलं, रजा वाढवली असेल. बुधवारीही कुलूप, फोन बंद. कोणाला विचारणार? त्यांच्या ऑफिसात जाऊन काय सांगणार, मी कोण? नऊ दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्या नऊ दिवसांत तिने सहा कवळ्या पूर्ण केल्या. मी मोजल्या नव्हत्या, वहीत आहेत.

सोमवारी सकाळी डॉक्टर हात पुसत मागे आले. "मेणबाई, ते मापवाले साहेब होते ना, त्यांचा दुसरा सेट रद्द करा. वारले ते. ऑफिसचा माणूस आला होता सांगायला."

"कधी?" मेणबाईने विचारलं.

"मागच्या मंगळवारी म्हणे. अंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. भला माणूस होता." मग जाता जाता, "मेण वितळवून टाका. दात चांगले आहेत, दुसऱ्या कोणाला होतील."

तो सेट तिच्या पुढ्यातच होता. मेणात दात लावून झाले होते, नुसतं साच्यात घालायचं राहिलं होतं. मी शेजारी बसून एका कॅपला पॉलिश करत होते. तिने दिवा पेटवला. सुरी तापवली. पहिला दात सोडवला, चिमट्याने उचलला, गरम पाण्यात धुतला, कापडावर ठेवला. मग दुसरा. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. घाई नाही. मध्येच मी म्हटलं, "शिट्टीवाले ना गं ते? अरेरे." ती म्हणाली, "हं." एवढंच. हे आठवलं की अजूनही मला तोंडात मारल्यासारखं होतं.

त्या दिवशी ती विधवा झाली. पंथाच्या नियमाप्रमाणे नवरा मेला की बायकोने इद्दत पाळायची, चंद्राचे चार महिने आणि वर दहा दिवस. लग्न मुदतीचं असलं तरी यातून सुटका नाही. तोवर दुसरं लग्न नाही, लग्नाचं ठरवणंही नाही. काजळ, मेंदी, अत्तर, रंगीत कपडा, काही नाही. आणि मोजायला सुरुवात करायची ती नवरा गेला त्या दिवसापासून नाही, बायकोला बातमी कळली त्या दिवसापासून. म्हणजे त्या सोमवारपासून. साधारण एकशे अठ्ठावीस दिवस. लग्नात तिला लोकांसमोर बायको होता आलं नाही, आता विधवाही लपूनच व्हायचं होतं.

पहिल्याच शुक्रवारी ती पहाटेच्या बसने त्यांच्या गावी गेली. पाच तासांचा प्रवास. घरात बायकांची खोली भरलेली होती. ती दाराशी बसली. थोरली सून चहा घेऊन आली, तिचे डोळे सुजलेले होते.

"तुम्ही कुठल्या? ओळखलं नाही मी."

"मी त्यांची कवळी केली होती," मेणबाई म्हणाली.

सून तिच्याजवळ बसलीच. "अब्बा फार सांगायचे हो तुमचं. म्हणायचे, मला बोलता यायला लागलं ते त्या बाईंमुळे. त्यांची कवळी कपाटात ठेवलीय. टाकवत नाही, आणि बघवतही नाही."

"पाण्यात ठेवा," मेणबाई म्हणाली. "कोरडी राहिली तर तडकते."

आणखी थोडा वेळ बसून ती उठली. सून दारापर्यंत आली, म्हणाली, "एवढ्या लांबून आलात, कोण येतं आजकाल." परतीच्या बसमध्ये पाच तास तिच्या शेजारी एक बाई आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत होती. मेणबाईने सगळ्या ऐकल्या. घरी पोचली तेव्हा भावजयीने विचारलं, "ओव्हरटाइम?" ती हो म्हणाली.

लॅबमध्ये ती रोज करड्या नाहीतर पांढऱ्या कपड्यांत यायला लागली. काजळ बंद झालं. मीच एकदा म्हटलं, "काय मेणबाई, वैराग्य आलं की काय?" ती हसली. घरी वर रेडिओ बंदच असायचा. भावजयीने विचारलं, बिघडला का, तर म्हणाली, हो. रडायलाही तिला वेळ ठरवून घ्यावी लागे. सकाळी पाण्याची मोटर सुरू झाली की गच्चीवर घरघर व्हायची, त्या वीस मिनिटांत ती रडून घ्यायची.

एकोणसाठ दिवस झाले आणि भावाने स्थळ आणलं. या वेळी खरंच चांगलं होतं. खिडक्यांना काचा बसवणारा, स्वतःचं दुकान, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन गेलेली. त्याने मेणबाईला भाचीच्या लग्नात पाहिलं होतं, हातात कॅमेरा असताना. भाऊ आनंदाने नुसता फुलून गेला होता.

"आपा, हे कायमचं घर आहे," तो म्हणाला. बहीण धाकटी असली तरी तो तिला आपा, म्हणजे ताईच, म्हणायचा, लहानपणापासून. "पुढच्या शुक्रवारी निकाह उरकून टाकू. कशाला लांबवायचं?"

"आत्ता नको, भाईजान."

"मग कधी?"

तिला खोटं सुचेना. आणि ठरलं तर ते हरामच होणार होतं. ती म्हणाली, "एकोणसत्तर दिवसांनी."

भाऊ हसायला गेला. असला आकडा कोण सांगतं? मग त्याचा चेहरा बदलला. तो नमाजी माणूस, त्याला हिशेब ठाऊक होता. तिच्या कपड्यांकडे त्याने पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं. स्वयंपाकघरात भावजयीने गॅस बंद केला, तो आवाजही ऐकू आला.

"कोणाची इद्दत?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं.

"निकाह होता? की... ते दुसरं?"

"दुसरं. पण निकाहच होता, भाईजान. कागद आहे."

"अम्मी असती तर काय म्हणाली असती?"

"अम्मी असती तर मी तिला सांगितलं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला कसं सांगणार होते?"

भाऊ उठून बाहेर गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. रागावला, ओरडला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटायचं. तो जेवायला आधी बसून उठून जायचा. निरोप भावजयीकडून यायचे. भावजय मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर सुरू झाल्यावर गच्चीवर आली, वाळत घातलेले कपडे उगाच उलटेपालटे करत राहिली, आणि पाठमोरीच म्हणाली, "एकटीने जाऊन आलात ना तिकडे? मला म्हणाला असतात तर आले असते." मोटर बंद व्हायच्या आत ती खाली गेली. पुन्हा तो विषय तिनेही काढला नाही.

भावाने काचवाल्याला सांगितलं, बहिणीची तब्येत बरी नाही, थांबा. मेणबाईला ते पटलं नाही. ती स्वतःच दुकानात गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगून मोकळी झाली. काचवाला हातातला हिरा, म्हणजे काच कापायचं हत्यार, टेबलावर ठेवून ऐकत होता.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला. "सत्तर दिवस काय, वर्षभर थांबायला सांगा. माणूस एकटा पडला की काय होतं ते मला ठाऊक आहे. फक्त एवढंच, की हे आपल्यातच राहू द्या. माझ्या मुलीला कळायला नको. आणि माझ्या घरात त्यांचा विषय नको."

तो वाईट बोलला नव्हता. तिला राग आलाही नाही. दिवस भरल्यावर सांगते, म्हणून ती निघाली.

उरलेले दिवस तिने विचारात घालवले. सगळ्या बाजूंनी विचार केला. घर, माणूस, म्हातारपण, भावाचं मोकळं होणं, सगळं. एकशे एकोणतिसाव्या दिवशी सकाळी ती काचवाल्याकडे गेली आणि नाही म्हणाली.

"पण का?" त्याने कळवळून विचारलं. "मी काही चुकलो का?"

"नाही हो. तुम्ही मोठ्या मनाने बोललात. पण मी तेरा महिने लपून बायको होते, चार महिने लपून विधवा होते. आता तुमच्या घरात आयुष्यभर तेच लपवत बसायचं म्हणजे... माझ्याच्याने नाही व्हायचं."

संध्याकाळी भावाला कळलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पिक्चरमधली हिरॉईन समजतेस का स्वतःला? दारात आलेलं कायमचं घर लाथाडलंस! उद्या मी मेल्यावर कोण बघणार तुझ्याकडे?" त्याचा आवाज गल्लीभर जात होता. मेणबाई मला हे सांगताना हसली होती. "सत्तर दिवसांनी पहिल्यांदा बोलला गं माझ्याशी. मी नुसती ऐकतच राहिले."

महिनाभरात तिने दवाखान्याजवळ एक खोली घेतली. भाऊ सामान पोचवायला आला नाही. भावजय आली, तिने शेगडी मांडून दिली, पडदा शिवून आणला होता तो लावला. चार-सहा महिन्यांनी भाऊही यायला लागला. येतो, खुर्चीच्या सीटवर हात फिरवून बघतो, उसवली असेल तर पुढल्या खेपेला सुईदोरा घेऊन येतो. त्या विषयावर तो अजून बोललेला नाही.

मला कळलं ते रजेच्या अर्जामुळे. तिला एक दिवस कबरीवर जाऊन यायचं होतं. अर्जात कारण लिहावं लागतं. एरवी ती 'घरगुती काम' लिहायची. त्या दिवशी तिने तो कागद माझ्यापुढे सरकवला, अक्षर बरोबर आहे का बघ म्हणाली. 'माझे पती वारले, त्यांच्या कबरीला भेट देण्यासाठी.' मी दोनदा वाचलं. तिच्याकडे पाहिलं. पती कोण, कधी, असं मी विचारत होते आणि विचारता विचारताच मला कापडावर ओळीने मांडलेले ते दात दिसले.

"तूच रडू नकोस आता," ती म्हणाली. "अर्ज भिजेल."

डॉक्टरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि सही केली. दुसऱ्या दिवशी मागे येऊन ते काहीतरी बोलायला गेले, मग म्हणाले, "प्लास्टर संपत आलंय का?" आणि गेले.

कबरीवरून आल्यावर तिने थोरल्या सुनेला पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं होतं. पानभरसुद्धा नव्हतं. मी तुमच्या घरी येऊन गेले तेव्हा खरं सांगितलं नाही, मी कोण ते आता लिहिते आहे. मुदतीच्या निकाहात वारसा नसतो, मला काही नको आणि मी पुन्हा येणारही नाही. ते शेवटच्या वर्षात एकटे नव्हते, एवढं त्यांच्या माणसांपैकी एकाला तरी माहीत असावं, म्हणून लिहिलं. खाली तिने आपलं पूर्ण नाव आणि मागे खोलीचा पत्ता लिहिला.

उत्तर आलं नाही. पहिल्या महिन्यात टपाल आलं की ती मान वर करायची. मग करेनाशी झाली. पुढे एकदा मीच विषय काढला. म्हटलं, पोचलं तरी असेल का गं?

"परत आलं नाही ना," ती म्हणाली. "म्हणजे पोचलं."

तिने सुरी दिव्यावर धरली, आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो.